पितळ गोठते तेव्हा

कुंभकोणमहून तिरुवारूरच्या रस्त्याला लागले की दहाएक किलोमीटरांवर नाचियारकोविल येते. जुने नाव तिरुनरैयूर. इथल्या विष्णुमंदिरात देवीचा मान देवाच्या आधी, म्हणून गावाला तिचेच नाव पडले. देवळातला दगडी गरुड वर्षातून दोनदा, मार्गळी आणि पंगुनी महिन्यांत, मिरवणुकीला निघतो. आतून उचलताना चार माणसे पुरतात, पुढे आठ लागतात, मग सोळा, बत्तीस, चौसष्ट. परतताना आकडा त्याच क्रमाने उतरतो. उत्सवात गरुडाला घाम फुटतो असेही गावकरी सांगतात. मला मात्र तिथे गरुडाने नेले नव्हते, समईने नेले होते. नाचियारकोविलच्या ‘कुत्तुविळक्कु’ला, म्हणजे आपल्या समईला, २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच्या कितीतरी आधी, माझ्या आजीच्या लग्नात, तिथली एक समई आमच्या घरी आली होती. तिच्या मानेचे आटे झिजले होते. वरचा भाग डुगडुगायचा. पुण्यातल्या तांबट आळीत दाखवली तर म्हणाले, जिथली आहे तिथेच न्या.

आईचे माहेर कुंभकोणमचे. व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून जी मराठी घरे कावेरीकाठी आली त्यांतले एक. सर टी. माधवराव याच गावात १८२८ साली जन्मले, तेही अशाच एका घरात. पण आमच्या घराण्यात दिवाण कोणी झाले नाही, कारकून पुष्कळ झाले. भाषा मराठी, पण तमिळ पाण्यात मुरलेली.

पत्तरांच्या कारखान्यात (ओतकाम करणाऱ्यांना तिथे पत्तर म्हणतात) मी पोहोचले तेव्हा मूस भट्टीतून निघायच्या बेतात होती. जमिनीवर लाकडी चौकटीत वाळू दाबून साचे मांडलेले. ही वाळू कावेरीच्या गाळाची. इतकी बारीक, की बोटाचा ठसाही नक्षीसकट उठतो, आणि हा धंदा इथे रुजला त्याचे निम्मे श्रेय तिला देतात. दोघांनी लांब चिमट्यांनी मूस उचलली. पितळ मधासारखे नाही, पाण्यासारखे ओतले गेले. हे पाहताना मला नेहमी धक्का बसतो. इतकी जड वस्तू इतकी पातळ कशी होते?

मी माझ्या मोडक्या तमिळमध्ये विचारले, “ऐया, हे कधी ‘उऱैयुम्’?” म्हणजे, गोठेल कधी?

म्हातारे पत्तर हसले. “अम्मा, दही उऱैयुम्. पितळ इऱुगुम्.” दही विरजते, पितळ आवळते, घट्ट होते.

एका शब्दावरून मी चुकले होते आणि ती चूक मला आवडली. तमिळमध्ये पाणी गोठणे आणि दही लागणे या दोन्हींना एकच धातू आहे, उऱै. विरजणाचे ताक ते उऱैमोर. गोठणबिंदू तो उऱैनिलै. ‘पनि’ म्हणजे दव, धुके, थंडीतला ओलावा. त्याचा खडा झाला की पनिक्कट्टि, म्हणजे बर्फ. आणि दवच गोठले तर उऱैपनि. ज्या मुलखात बर्फ कधी पडला नाही त्याने दही आणि दव या दोन घरच्या वस्तूंतून बर्फाची सारी भाषा उभी केली. आम्ही मराठी लोकांनी ‘बर्फ’ फारसीतून घेतला, ‘हिम’ संस्कृतातून, आणि स्वतःची म्हणून ‘गार’ ठेवली, आभाळातून पडणारी. क्रियापदे मात्र आपल्याकडे रग्गड आहेत. तूप थिजते, रक्त साकळते, पाणी गोठते, दही लागते, पाक आळतो. पितळाचे काय होते? मराठी ओतारी ‘थंड होते’ म्हणून मोकळा होतो. ‘इऱुगुम्’ला मला चांगला मराठी शब्द अजून सापडलेला नाही. आवळते हा जवळचा.

हे सगळे मला इतके महत्त्वाचे वाटते याला कारण आहे, आणि ते फार अभिमानाचे नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या दख्खनमधल्या आठवणींचा मी मराठी अनुवाद केला. त्यात एका छावणीचे वर्णन होते: दुपार ते मध्यरात्र या वेळात पारा तीस अंशांनी उतरला. मूळ आकडा फॅरनहाइटचा. वाचकाची सोय म्हणून मी सेल्सिअस करायला घेतले. सूत्र शाळेपासून पाठ होते. तिसातून बत्तीस वजा, पाचाने गुणले, नवाने भागले, उणे एक पूर्णांक एक दशांश. मी लिहिले की त्या रात्री तपमान शून्याखाली एक अंशावर गेले. पुस्तक छापून आले. महिन्याभराने सांगलीकडच्या एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. दोनच ओळी होत्या. पहिली अनुवाद आवडल्याची. दुसरीत विचारले होते, त्या रात्री शिपायांच्या घागरी फुटल्या की नाही, ते लेखकाने कुठे लिहिले आहे काय?

चूक कळायला मला अर्धा दिवस लागला. तीस अंश हा आकडा पट्टीवरची जागा नव्हता. दोन जागांमधले अंतर होता. अंतराला बत्तीस लागू होत नाहीत. बत्तीस हा नुसता सुरुवातीचा सरकवा आहे: फॅरनहाइटचे शून्य एकीकडे, सेल्सिअसचे दुसरीकडे, आणि त्या दोन शून्यांमध्ये बत्तीस फॅरनहाइट अंश. दोन ठिकाणांमधले अंतर मोजताना दोन्ही टोके सारखीच सरकतात, तेव्हा तो सरकवा कटून जातो. उरते फक्त पाचास नऊ हे प्रमाण. तीस फॅरनहाइट अंशांची घट म्हणजे सुमारे सतरा सेल्सिअस अंशांची. दुपारी ३५ असेल तर रात्री १८. शिपायांनी घोंगडी ओढली असेल, इतकेच. मी मात्र त्यांच्यावर हिवाळी रशिया लादला होता.

ही चूक जुनी पुस्तके वाचणाऱ्या कोणाचीही होऊ शकते, म्हणून थोडे रेंगाळते. इंग्रजी प्रवासवर्णनांत ‘दहा अंश हिम’ अशा धाटणीचा प्रयोग येतो. तिथे मोजणी शून्यापासून नसते, गोठणबिंदूपासून खाली असते. म्हणजे २२ फॅरनहाइट, म्हणजे उणे साडेपाचच्या आसपास. फ्रेंच किंवा जर्मन लेखक असेल तर पट्टी रेओम्यूरची असण्याचा संभव मोठा. तिच्यात पाणी शून्यावर गोठते आणि ८० वर उकळते, तेव्हा आकड्याला सव्वाने गुणले की सेल्सिअस. आणि आपल्याच घरात पाहा. ताप १०२, ऊन ४२. आजारी मूल फॅरनहाइटमध्ये तापते आणि अंगण सेल्सिअसमध्ये. एकाच तोंडातून एकाच दिवशी दोन्ही पट्ट्या निघतात आणि कुणाचाच गोंधळ होत नाही, कारण दोन्हींचा एकमेकींशी संबंध जोडायची वेळ येत नाही. जोडलाच तर कळते की ४२चे ऊन म्हणजे १०७ ताप.

तोंडी हिशेबाची एक पद्धत मला त्या शिक्षकांनीच पुढच्या पत्रात कळवली. सेल्सिअसची दुप्पट करा, त्या दुपटीचा दहावा भाग काढून टाका, बत्तीस मिळवा. ३७ची दुप्पट ७४, त्यातून ७.४ गेले, ६६.६ उरले, बत्तीस मिळवून ९८.६. शरीराच्या तापाचा हा प्रसिद्ध आकडा किती काटेकोर वाटतो! पण तो जन्माला आला तेव्हा काटेकोर नव्हता. जर्मन वैद्य वुंडरलिश याने १८६८ साली हजारो रुग्णांची मोजणी प्रसिद्ध केली, त्यातून ३७ सेल्सिअस हा गोळाबेरीज मध्य रूढ झाला. भाषांतरात त्याला दशांशचिन्ह चिकटले आणि मूळचा ढोबळपणा झाकला गेला. अनुवादक म्हणून ही गोष्ट मी विसरू शकत नाही: आपण नेमकेपणा आणतो तेव्हा कधी कधी खोटे बोलत असतो.

आता पट्ट्यांच्या जन्माकडे. डॅनियल गाब्रिएल फॅरनहाइट हा डान्झिगमध्ये १६८६ साली जन्मलेला, पुढे हॉलंडमध्ये स्थायिक झालेला उपकरणे करणारा माणूस. १७२४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने आपली पट्टी सांगितली. बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाला शून्य, नुसत्या बर्फ-पाण्याला ३२, निरोगी माणसाच्या तोंडात वा काखेत ९६. त्याच वर्षी त्याच ठिकाणी त्याने आणखी एक निरीक्षण छापले, आणि मला ते पट्टीपेक्षा मोठे वाटते. १७२१च्या हिवाळ्यात त्याने काचेच्या छोट्या गोळ्यात पावसाचे पाणी भरले, हवा काढली, तोंड बंद केले आणि रात्रभर थंडीत ठेवले. बाहेर त्याच्या पट्टीप्रमाणे सुमारे १५ अंश, म्हणजे उणे नऊ-साडेनऊ सेल्सिअस. सकाळी पाहतो तर पाणी तसेच पातळ. गोळ्याचे टोक मोडले, आणि डोळ्यांदेखत पाण्यात बर्फाच्या सुया पसरल्या. पुढे एकदा असाच गोळा हातात घेऊन जाताना तो जिन्यावर अडखळला. त्या हिसक्यासरशी पाण्यात बर्फाच्या पापुद्र्यांची गर्दी झाली. आणि गोठणाऱ्या पाण्यात थर्मामीटर बुडवला तर तो ३२ वर चढला.

म्हणजे पाणी गोठणबिंदूवर गोठतेच असे नाही. ते थांबू शकते. त्याला काहीतरी निमित्त लागते, धुळीचा कण, ओरखडा, धक्का. बर्फाचे तसे नाही. बर्फ सहसा ठरल्या जागी वितळतोच. म्हणून पट्टीची खूण करताना शहाणी माणसे पाणी गोठवत बसत नाहीत, बर्फ वितळवतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘गोठणबिंदू’ आणि ‘द्रवणांक’ हे जुळे भाऊ म्हणून येतात. एक भाऊ थोडा लहरी आहे हे सांगायचे राहून जाते.

उप्सालाच्या अँडर्स सेल्सिअसने १७४२ साली शंभर अंशांची पट्टी मांडली ती आपल्याला उलटी वाटेल: उकळते पाणी शून्य, गोठते पाणी शंभर. स्वीडनच्या हिवाळ्यात उणे चिन्ह लिहायला नको, ही तिची एक सोय. बर्फ वितळण्याची जागा गावागावांत बदलत नाही, उकळण्याची मात्र हवेच्या दाबाबरोबर सरकते, हे त्याने नीट दाखवले. १७४४ साली तो वारला आणि नंतर पट्टी उलटवली गेली. त्याच्या नावाने आपण रोज जे वाचतो ते त्याचे नाही, त्याचे शीर्षासन आहे. दोन्ही पट्ट्या उणे ४० वर एकत्र येतात. तिथे अनुवादकाला काही काम उरत नाही.

या सगळ्याचा तंजावरशी संबंध काय, असे वाटेल. आहे. दुसरे सरफोजीराजे १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. हाती उरला किल्ला, वाडा आणि भरपूर वेळ. तो वेळ त्यांनी ज्या गोष्टींत घातला त्यांची यादी कुठल्याही युरोपीय अकादमीला शोभेल: ग्रंथालय, वैद्यक, डोळ्यांच्या शस्त्रक्रियांच्या नोंदी, हस्तिदंताचा सांगाडा, खगोलाची उपकरणे, १८०५ साली देवनागरी खिळ्यांचा छापखाना, आणि ‘देवेंद्र कुरवंजी’ नावाचे मराठी नाटक, ज्यात कुरवंजीच्या गाण्यांतून जगाचा भूगोल सांगितला आहे. बिशप हेबर १८२६च्या मार्चअखेर त्यांना भेटला तेव्हा राजा लाव्हाझिए, फुर्क्र्वा, लिनियस आणि ब्युफाँ यांचे दाखले सहज देतो हे पाहून त्याने ते पत्रात आवर्जून लिहिले. (त्यानंतर काही दिवसांतच, ३ एप्रिलला, तिरुचिरापल्लीत उन्हातून येऊन थंड पाण्याच्या हौदात उतरला असता हेबर वारला.)

लाव्हाझिए या नावाशी मी थांबते. लाप्लासच्या सोबतीने त्याने १७८२-८३च्या हिवाळ्यात उष्णता मोजण्याचे एक उपकरण वापरले. मध्ये वस्तू, भोवती बर्फ. किती बर्फ वितळला त्याचे वजन करायचे; तीच वस्तूने सोडलेल्या उष्णतेची किंमत. याच्या मुळाशी स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅकचा शोध होता: बर्फ वितळताना तपमान हलत नाही, तरी उष्णता पितच राहतो. किती? शून्य अंशाचा बर्फ शून्य अंशाचे पाणी व्हायला जितकी उष्णता लागते, तितक्यात तेच पाणी जवळजवळ ८० सेल्सिअसपर्यंत तापले असते.

लाव्हाझिएचे दाखले देणाऱ्या राजाच्या मुलखात हे उपकरण मांडता येण्याजोगे नव्हते, कारण त्यात घालायला बर्फच नव्हता. कुंभकोणम-तंजावरकडे मार्गळीतही रात्र सहसा विशीच्या खाली फारशी उतरत नाही. पुस्तक वाचता येत होते, प्रयोग करता येत नव्हता. फॅरनहाइटची पट्टी मात्र तंजावरच्या दारापर्यंत आली होती. १८०२ साली मद्रासजवळ पाया मोजताना लँबटनने पोलादी साखळीच्या खोक्यांत थर्मामीटर ठेवले होते, कारण उन्हाने साखळी लांबते आणि तेवढ्याने भारताचा नकाशा चुकतो. १८०८ साली त्याचा अवजड थिओडोलाइट तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आपटले. अंशांच्या खुणांचे ते चक्र वाकले, आणि लँबटनने कित्येक आठवडे खपून ते हातांनी सरळ केले.

हिंदुस्थानात बर्फ मुळी नव्हताच असेही नाही. ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याने पाणी थंड करण्याची कृती आहे, आणि लाहोरला डोंगरांतून बर्फ येई त्याचीही नोंद आहे. सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली अलाहाबादकडची पद्धत लिहून ठेवली. मोकळ्या मैदानात हातभर खोल खड्डे, तळाशी वाळलेल्या उसाच्या किंवा मक्याच्या ताटांचा थर, त्यावर मातीच्या उथळ, सच्छिद्र परळांत उकळून निववलेले पाणी. हिवाळ्याच्या निरभ्र, निवांत रात्री हवा गोठणबिंदूच्या वर असतानाही पहाटे परळांत बर्फ सापडे. वारा सुटला किंवा ढग आले की मेहनत फुकट. खड्डे खणणाऱ्यांना कारण ठाऊक नसेल, पण अटी सगळ्या ठाऊक होत्या. कारण १८१४ साली विल्यम वेल्सने दवावरच्या निबंधात उलगडले: मोकळ्या आभाळाखाली पडलेली वस्तू आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. ताटांचा थर जमिनीची ऊब अडवतो, सच्छिद्र मातीतून पाणी उडून जाते ते आणखी थोडी उष्णता नेते.

याचे मराठी उदाहरण दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येते. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ आणि लिंगमळ्यात दव गोठले, गाड्यांच्या टपांवर हिमकण, स्ट्रॉबेरीच्या पानांवर पांढरी साय. आणि त्याच बातमीत सरकारी तपमान शून्याच्या चांगलेच वर. वाचक चिडतो: कोण खोटे बोलते? कोणीच नाही. सरकारी थर्मामीटर जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. पेटी त्याला आभाळापासून झाकते. पान मात्र उघड्यावर असते. (ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्याने योजली. तो ‘ट्रेझर आयलंड’च्या लेखकाचा बाप.) उटीलाही डिसेंबर-जानेवारीत हेच होते आणि तमिळ वर्तमानपत्रे त्याला ‘उऱैपनि’ म्हणतात. विरजलेले दव. ‘हिमकण’पेक्षा तो शब्द खरा आहे, कारण हिम पडलेले नसते, दवच जागच्या जागी बदललेले असते.

दक्षिणेच्या दमट हवेत बार्करची युक्ती चालत नाही. तिथे बर्फ आला तो समुद्रावरून. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३च्या मे महिन्यात ‘टस्कनी’ जहाजात १८० टन बर्फ भरून कलकत्त्याला धाडला. चार महिने, दोनदा विषुववृत्त ओलांडून. सप्टेंबरमध्ये पोहोचला तेव्हा शंभरेक टन उरला होता. ब्लॅकने मोजलेली ती गुप्त उष्णता ट्यूडरचे भांडवल होती: बर्फ इतकी उष्णता पितो, म्हणूनच तो इतका हळू संपतो. आणि पाण्याचा दुसरा विक्षिप्तपणाही त्याच्या कामी आला. चार अंशांपर्यंत पाणी इतरांसारखे आक्रसते, मग एकाएकी फुगू लागते, आणि गोठताना तर आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. म्हणून बर्फ तरंगतो, तळे वरून गोठते, खाली मासे जगतात, आणि वर घोडे उभे करून बर्फाच्या लाद्या करवतीने कापता येतात. बर्फ बुडाला असता तर अमेरिकेच्या तळ्यांतून तो काढला कसा असता? थोरोने ‘वॉल्डन’मध्ये, १८५४ साली, आपल्या तळ्याचे पाणी मद्रास, मुंबई आणि कलकत्त्याचे लोक पिणार म्हणून गंमत केली आहे. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर १८४२ साली बांधलेले ट्यूडरचे गोल बर्फघर अजून उभे आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे राहिले, आता ते त्यांचे स्मारक आहे. पण भोवतालच्या वस्तीला लोक अजून ‘आइस हाउस’च म्हणतात.

सरफोजीराजे वारले मार्च १८३२ मध्ये. टस्कनी हुगळीत शिरले सप्टेंबर १८३३ मध्ये. दीड वर्षाचे अंतर. बर्फ हाती आला असता तर तंजावरच्या वाड्यात लाव्हाझिएचे उपकरण मांडले गेले असते का? असल्या जर-तरच्या प्रश्नांना इतिहासात जागा नाही हे मला माहीत आहे. तरी नाचियारकोविलच्या कट्ट्यावर बसून मला तोच प्रश्न पडला होता. १८५५ साली राज्यच खालसा झाले. वाडा, उपकरणे, भाषा, सगळेच ओसरले. मोडीतले कागद उरले, आणि काही घरांत समया. जवळच तिरुविडैमरुदूरच्या महालिंगस्वामींच्या देवळात मराठा राजघराण्याशी नाते असलेल्या एका स्त्रीने वाहिलेली पितळेची दीपलक्ष्मी आहे. हातात पणती धरून ती आपल्या मनुष्याची वाट पाहते आहे असे मला वाटले.

साचे निवेपर्यंत पत्तरांशी बोलणे झाले. भट्टीत किती अंश असतात? त्यांना आकडा नको होता, मला हवा होता. पितळात तांबे-जस्त कमी-जास्त असेल त्याप्रमाणे ते ९०० ते ९४० सेल्सिअसच्या आसपास वितळते. पाऱ्याचा थर्मामीटर तिथे कामाचा नाही. पारा ३५७ वरच उकळतो. पत्तर ज्वाळेकडे बघतात. जस्त साधारण ९०७ अंशांना उकळते. ते उडू लागले की ज्वाळेला हिरवट झाक येते आणि पांढरा धूर सुटतो. तो जास्त सुटला तर जस्त गेले, पितळ तांबूस झाले, नुकसान झाले. म्हणजे आकडा नसला तरी पट्टी आहे, आणि तिच्यावर एक निश्चित बिंदूही आहे. फॅरनहाइटला हे चटकन कळले असते.

“पाणी गोठताना फुगते,” मी म्हणाले. “पितळ?”

“अम्मा, पितळ पोटात घेते.” त्यांनी कोपऱ्यातली एक फसलेली वाटी उचलून दाखवली. मानेशी बोटभर खळगा. वरून जादा पितळ मिळाले नाही की आवळताना ते स्वतःच्याच पोटातून ओढून घेते. म्हणून साच्याच्या तोंडाशी जादा पितळाचा साठा ठेवायचा, आणि लाकडी नमुनाही हव्या त्या मापाहून किंचित मोठा, लांबीला दीडेक टक्का. सरफोजींच्या छापखान्यासारख्या ठिकाणी खिळे ओततानाही हाच त्रास. म्हणून खिळ्यांच्या शिशात अँटिमनी घालतात, म्हणजे आक्रसणे कमी होते आणि अक्षराची कड शाबूत राहते. बाळबोध अक्षर उमटायचे तर धातूने फार आवळून चालत नाही.

समईचे आटे त्यांनी तासाभरात नवे पाडून दिले. पैसे घेतले ते फार थोडे. फसलेली वाटी मी मागून घेतली. वितळवायच्या ढिगातली होती, त्यांनी वजन करून दिली.

पुण्याला आल्यावर मी त्या वाटीत काठोकाठ पाणी घालून ती फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी पाहिले तर बर्फ मधोमध फुगून काठाच्या वर आला होता, आणि मानेशी पितळाचा खळगा तसाच. मी ती वाटी ओट्यावर ठेवून पाहत उभी राहिले. अनुवादाची नवी आवृत्ती निघायची होती. त्या छावणीच्या पानावर मी ‘सुमारे सतरा अंशांनी उतरला’ अशी दुरुस्ती केली आणि मूळचा फॅरनहाइटचा आकडाही शेजारी ठेवला. सांगलीच्या शिक्षकांना कळवायला हवे होते, पण ते आता नाहीत.

आई स्वयंपाकघरात आली. वाटीकडे पाहिले, फ्रीजकडे पाहिले.

“त्यात पाणी कशाला घातलंस? आणि काल रात्री दुधाला उऱैमोर लावायचं राहिलं की तुझं.”